कुणाची परिक्रमा खरी मानू?

‘ताई, नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातली, वय अठ्ठावन्न. गेल्या मे महिन्यात जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. पायी नर्मदा परिक्रमा करायची हे वीस वर्षांपासून मनात आहे आणि येत्या कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वरहून उचलायची असं ठरवलंय. सहा महिने झाले, रोज रात्री जेवणं आटोपली की लोकांनी नेटवर लिहिलेले अनुभव वाचते, व्हिडिओ बघते. दोनशे पानी वही भरली. पण आता डोकं चालेनासं झालंय. एक म्हणतात एक रुपयाही नेऊ नका, दुसरे म्हणतात तंबूसुद्धा न्या. शूलपाणीच्या झाडीत, म्हणजे सातपुड्यातल्या त्या जंगलपट्ट्यात, लुटतात असं एकीकडे, तिथल्यासारखी माणसं जगात नाहीत असं दुसरीकडे. अंतर कुणी २६०० किलोमीटर लिहितं, कुणी साडेतीन हजार. समुद्रातली होडी कुणाची पहाटे तीनला सुटली, कुणाची सकाळी अकराला. तीन ठिकाणी प्रश्नही टाकला, अठ्ठावन्नाव्या वर्षी जमेल का, तर चाळीस जणांनी ‘बिनधास्त जा’ म्हटलं. मला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. यजमान एसटीतून निवृत्त झालेत, ते म्हणतात, लोकांचं वाचून कुणी घर सोडतं का? सगळेच जाऊन आलेले आहेत ताई, मग खोटं कोण बोलतंय?’

नर्मदे हर, ताई.

खोटं कुणीच बोलत नाहीये. त्या होडीचंच बघा. परिक्रमावासीयाला, म्हणजे नर्मदेला प्रदक्षिणा घालणाऱ्याला, ती ओलांडता येत नाही, म्हणून दक्षिण तटावरून उत्तर तटावर जायचं ते भरूचच्याही पुढे, मुखाबाहेरून, समुद्रातून. विमलेश्वरच्या बाजूला होडीत बसायचं आणि मिठी तलाईला उतरायचं. अलीकडे कठपोरहून बसल्याचंही बऱ्याच जणांनी लिहिलंय. आता हा समुद्र म्हणजे खंभातचं आखात. देशातल्या सगळ्यात मोठ्या भरत्यांपैकी एक तिथली. ओहोटी लागली की लांबच लांब नुसता चिखल उघडा पडतो, त्यामुळे होडी निघते ती भरतीच्या पाण्यावर. आणि भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. जो पौर्णिमेला पोहोचला त्याची होडी एका वेळेला सुटली, जो अष्टमीला पोहोचला त्याची दुसऱ्या वेळेला. दोघांनी घड्याळात पाहून खरं तेच लिहिलं, फक्त तिथी लिहायची राहिली. कोकणातल्या कुठल्याही मासेमाराला विचारा, तो भरतीची वेळ तिथीवरूनच सांगेल. उधाणाची मोठी भरती कधी, भांगेची लहान भरती कधी, हे त्याला तोंडपाठ असतं. तुमच्या वहीत होडीच्या ज्या वेळा उतरवल्या आहेत, त्या प्रत्येकीपुढे तो माणूस कोणत्या तारखेला किनाऱ्यावर होता ते शोधा आणि त्या दिवसाची तिथी लिहा. बघा, तीन आणि अकरा एकमेकांशी भांडायचे थांबतील.

अंतराचंही तसंच. नर्मदा १३१२ किलोमीटर लांब आहे. दोन्ही तट धरले तर २६२४. हा झाला नदीचा हिशेब. चालणाऱ्याचा हिशेब वेगळा, कारण बर्गी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर, सरदार सरोवर अशी एकामागून एक धरणं आहेत आणि त्यांच्या फुगवट्याला वळसा घालत जावं लागतं. शिवाय कुठे काठाने वाट नाही म्हणून रस्ता धरायचा, कुठे आश्रम आत आहे म्हणून आत जायचं. तीन हजारांच्या पुढचा आकडा लिहिणाऱ्याने आपले पाय मोजले, २६०० लिहिणाऱ्याने नकाशा मोजला.

म्हणजे तुमच्या वहीची अडचण काय झाली आहे ते सांगते. तुम्ही प्रत्येकाचा निष्कर्ष उतरवून घेतलात आणि तो ज्या परिस्थितीत निघाला ती तिथेच सोडून आलात. ‘पैसे नेऊ नका’ हा निष्कर्ष. तो कुणी काढला, त्याचं वय काय, बरोबर कोण होतं, कोणता महिना होता, हे सगळं त्याच लिखाणात कुठेतरी असतं, पण आपण वाचताना ते गोष्टीतला भाग समजून पुढे जातो आणि सल्ल्यापाशी थांबून लिहून घेतो. उलटं करायला हवं. सल्ला सोडून द्यावा, गोष्ट ठेवावी.

हे मला फार उशिरा कळलं, आणि दुसऱ्याच्या जिवावर कळलं. मी २०१४ च्या कार्तिकात परिक्रमा उचलली आणि २०१५ च्या वैशाखात पुरी केली. परत आल्यावर सगळं सविस्तर लिहून नेटवर टाकलं. शूलपाणीच्या झाडीतल्या एका टप्प्याबद्दल मी लिहिलं होतं, ‘सकाळी लवकर निघालात तर दुपारच्या जेवणाला पुढच्या पाड्यावर पोहोचाल. वाट पाण्याच्या कडेकडेने आहे, चुकायची भीती नाही.’ माझ्यापुरतं ते अक्षर न् अक्षर खरं होतं. २०२० च्या जानेवारीत एक फोन आला. नाशिककडचं जोडपं होतं, दोघंही साठीच्या पुढचे. माझं लिखाण त्यांनी छापून झोळीत ठेवलं होतं. सकाळी सहाला निघाले, आणि जिथे मी वाट लिहिली होती तिथे पाणी होतं. प्रत्येक नाल्यात धरणाचं पाणी आत शिरलेलं, त्याला वळसा घालायला डोंगर चढायचा, उतरायचा, पुन्हा पुढचा नाला. अंधार पडला तेव्हा ते निम्म्या वाटेवरही नव्हते. बाटलीतलं पाणी संपलेलं. रात्र एका शेतातल्या माळ्याखाली काढली. पहाटे तिथल्या एका पावरा आदिवासी बाईने त्यांना पाहिलं, घरी नेलं, चुलीपाशी बसवलं. त्या माउली फोनवर मला रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘ताई, तुम्ही लिहिलं होतंत ना, भीती नाही म्हणून.’

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी चालले तेव्हा सरदार सरोवराची भिंत १२१.९२ मीटरपर्यंत होती. पुढे तिच्यावर दरवाजे बसले, २०१७ मध्ये ते बंद झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये पाणी पहिल्यांदा पूर्ण पातळीला, १३८.६८ मीटरला, पोहोचलं. जवळजवळ सतरा मीटर. सपाट मैदानात सतरा मीटर म्हणजे काय हे लगेच डोळ्यांपुढे येतं, पण सातपुड्याच्या त्या अरुंद दऱ्यांत प्रत्येक ओढ्यातून पाणी किती आत घुसतं ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. आणि जानेवारीत पाणी वरच असतं, पावसाळ्यातलं साठलेलं. उन्हाळ्यापर्यंत उतरत जातं. म्हणजे त्याच वर्षी मेमध्ये कुणी गेलं असतं तर त्याला माझी वाट कदाचित निम्मी तरी दिसली असती. मी ते लिखाण काढून टाकलं नाही, पण पहिल्या ओळीच्याही वर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘हे २०१४-१५ चं आहे, झाडीतल्या वाटा आता पाण्याखाली आहेत.’

म्हणून तुम्हाला पहिलं काम देते. वहीतल्या प्रत्येक नोंदीला वर्ष आणि महिना लावा. लिखाण नेटवर कधी टाकलं ती तारीख उपयोगाची नाही, कारण लोक परिक्रमा करून आल्यावर तीन तीन वर्षांनी लिहितात. चालले कधी ते हवं. बरेच जण तारखा लिहीत नाहीत, तिथे एक युक्ती आहे. नर्मदा जयंती, माघ शुद्ध सप्तमी, कुठे साजरी केली हे मात्र झाडून सगळे लिहितात. त्या दिवशी घाटाघाटावर दिवे, भंडारे, असा दिवस कुणी विसरत नाही. उचलली कार्तिकातल्या अमुक तिथीला आणि जयंतीला अमुक गावी होतो, एवढं मिळालं की त्या माणसाचा चालण्याचा खरा वेग तुमच्या हातात आला. ‘रोज तीस किलोमीटर सहज होतात’ असं लिहिणाऱ्या एकाचा हिशेब मी असा मांडला होता, सरासरी एकोणीस निघाली. त्याने थाप मारली नव्हती. चांगले दिवस लक्षात राहिले, पाय सुजून आश्रमात पडून काढलेले दिवस विसरले. आपलंही तसंच होतं.

वर्ष लावलंत की दुसरी गोष्ट आपोआप दिसेल. मुक्कामांच्या याद्या. पंचवीस-तीस ठिकाणी याद्या आहेत आणि वाचताना वाटतं की इतके जण सांगतायत म्हणजे पक्कं. नीट बघा. एका आश्रमाच्या नावात एका यादीत काना राहून गेलाय, आणि तोच काना पाच याद्यांत राहिलाय. म्हणजे पाच माणसं नाहीत, एकच माणूस आहे, बाकीच्यांनी उतरवून घेतलं. असं दिसलं की पाचही नोंदींना मिळून एक धरा. जो माणूस यादीत नसलेलं काहीतरी सांगतो त्याच्याकडे मात्र कान द्या. ‘इथे हातपंप आहे पण दांडा तुटलाय, समोरच्या घरातून पाणी मागा’ हे तिथे गेल्याशिवाय कुणी लिहू शकत नाही.

लांबलचक लेखमाला वाचायची असेल तर पहिला आणि शेवटचा भाग मी आता वाचतच नाही. पहिल्यात निघण्याची हुरहूर असते, शेवटच्यात कृतज्ञता. दोन्ही मनापासून असतात आणि दोन्हींमधून चालणाऱ्याला हाताला काही लागत नाही. अकराव्या-बाराव्या दिवसाचं वाचा. तोवर नवलाई ओसरलेली असते, फोड आलेले असतात, सोबत्याशी पहिला खटका उडालेला असतो. त्या ‘एक रुपयाही नेऊ नका’ वाल्या गृहस्थांची लेखमाला मीही वाचलेली असावी असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. मध्येच कुठेतरी त्यांनी लिहिलंय की ताप भरला, सलाईन लावावं लागलं आणि भाच्याने येऊन सगळं बघितलं. हे लपवलेलं नाही, उघड लिहिलंय. पण निष्कर्ष लिहिताना तो भाचा त्यांच्या लक्षात राहिला नाही. तुमचा भाचा कोण, ते आधी ठरवा आणि मग पैशांचं ठरवा. मी स्वतः पैसे नेले होते, कमी लागले, पण दोनदा अगदी वेळेवर लागले. सदाव्रतात पीठ, डाळ, तांदूळ मिळतात, चहा मागावा लागत नाही, लोक हाक मारून देतात. औषधाच्या दुकानात मात्र रोख मोजावी लागते.

शोधण्याबद्दलही थोडं. तुम्ही मराठीतून ‘नर्मदा परिक्रमा अनुभव’ असं शोधत असणार. त्याने नेहमीचेच पंधरा-वीस पुन्हा पुन्हा समोर येतात. गावाच्या नावाने शोधा. ‘भादल’, ‘मिठी तलाई’, ‘लक्कडकोट’, आणि पुढे महिना जोडा. हिंदीतून शोधा, कारण मध्य प्रदेशातल्या काठच्या पोरांनी आपापल्या गावचे छोटे छोटे व्हिडिओ टाकलेले असतात. त्यात प्रवचन नसतं, वाट असते. एका व्हिडिओत एक मुलगा नुसता मोटारसायकलवरून गावापासून घाटापर्यंत गेलाय, बोललाही नाही. त्यातून मला कळलं की तो पूल आता झालाय. समुद्राच्या बाजूचं गुजरातीत शोधा. लिपी येत नसेल तर शेजारी-ओळखीत कुणीतरी गुजराती वाचणारं निघेल, त्यांच्याकडून चार शब्द टाईप करून घ्या.

मग विचारण्याचं. तुम्ही लिहिलंय की तीन ठिकाणी प्रश्न टाकला, ‘अठ्ठावन्नाव्या वर्षी बाईमाणसाला जमेल का?’ आणि चाळीस उत्तरं आली, ‘मैया सांभाळते, बिनधास्त जा’. ताई, प्रश्नच असा होता की त्याला आशीर्वादाशिवाय दुसरं उत्तर देता येत नाही. कुणी परक्या माणसाला ‘नाही जमणार’ असं कसं म्हणेल? असं विचारून बघा: ‘तुम्ही या टप्प्यावरून डिसेंबरमध्ये गेला असाल तर किती वाजता निघालात, किती वाजता पोहोचलात, मध्ये पाणी कुठे मिळालं, मोबाईलला रेंज कुठे गेली?’ चाळीस उत्तरं येणार नाहीत, तीन येतील. ती तीन जपून ठेवा. पुढचा प्रश्न त्यांनाच, खाजगीत: ‘बरोबर कुणी बाई होती का? आंघोळीची, शौचाची सोय कशी झाली?’ हे बायका चारचौघांत लिहीत नाहीत, पण विचारलं की भरभरून सांगतात. मला एका कोल्हापूरच्या बाईंनी सांगितलेलं अजून आठवतं. अंधार असताना उठून आवरायचं, आश्रमात पोहोचल्यावर ‘कितनी मूर्ती?’, म्हणजे किती माणसं, असं विचारतील तेव्हा आपण माताराम, म्हणजे बायका, किती ते लगेच सांगायचं, म्हणजे आसन लावायला आतली बाजू देतात, आणि एक जुनं नऊवारी जवळ ठेवायचं, आडोसा, पांघरूण, दोरी, सगळं त्यातच होतं. कुठल्याच सामानाच्या यादीत जुनं नऊवारी नव्हतं.

शूलपाणीतल्या लुटीबद्दल मला थोडं जास्त बोलायचंय, कारण तिथे एका माणसाचं नाही तर एका समाजाचं नाव खराब होतंय. पूर्वी झाडीत परिक्रमावासीयांचं सगळं काढून घेत, अंगावरच्या वस्त्रासकट, हे जुन्या लोकांनी लिहून ठेवलंय आणि त्यांच्यापुरतं ते खरं आहे. पण आज हे जे लिहितात त्यांना विचारा, ‘तुम्हाला कुणी लुटलं? कधी? कुठे?’ मी विचारत आले आहे. बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘मला नाही, पण ऐकलंय.’ ऐकलेलं वेगळ्या पानावर लिहा ताई, अनुभवाच्या पानावर नको. त्या भिल्ल आणि पावरा पाड्यांनी दोन्ही गोष्टी सोसल्या आहेत, धरणात जमिनी गेल्या आणि वर ‘लुटारू’ हे नाव चिकटलं. मला धडगावच्या अलीकडे एका घरात मक्याची भाकर आणि मिरची मिळाली होती. घरात भाकरी चारच होत्या हे मला निघताना कळलं, दोन आम्ही खाल्ल्या होत्या. झाडीत धोका आहे तो पाण्याचा, चढाचा आणि रेंज नसण्याचा. आणि तो धोका नको असेल तर शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा असा सडकेचा मार्ग आहे. त्या मार्गाने गेलेल्यांची परिक्रमा कमी प्रतीची असं कुणी लिहिलं असेल तर ते वाक्य सरळ खोडून टाका.

आता मधुमेह. इथे मी हात जोडून सांगते, कुणाच्याही अनुभवावर जाऊ नका, माझ्याही नाही. ‘माझी साखर परिक्रमेत आपोआप नॉर्मल झाली, गोळ्या सोडल्या’ असं लिहिलेलं तुम्ही वाचलं असेल. दिवसाला वीस किलोमीटर चालल्यावर साखर उतरणारच. प्रश्न असा आहे की तुमच्या गोळ्या कोणत्या. काही गोळ्या अशा असतात की त्या घेऊन जेवण लांबलं तर साखर धोक्याइतकी खाली जाते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, आणि माणूस वाटेतच बसतो. परिक्रमेत जेवणाची वेळ तुमच्या हातात नसते. कधी दहालाच भोजनप्रसादी, कधी दुपारी तीनपर्यंत नुसता चहा. तुमच्या डॉक्टरांकडे जाऊन ‘परिक्रमेला जाऊ का’ एवढंच विचारू नका. सांगा की पाच महिने, रोज पाच-सहा तास चाल, जेवणाची वेळ अनिश्चित, अंघोळ गार पाण्याची, पायाला फोड येणार हे नक्की. गोळ्यांचं काय करायचं ते त्यांनी या माहितीवर ठरवायचं. पाय त्यांना उघडे करून दाखवा. मधुमेहात तळव्यांची जाणीव कमी झाली असेल तर फोड आलेला कळतच नाही. डॉक्टर नको म्हणाले तर मी त्यांच्या बाजूची आहे, हे आत्ताच सांगून ठेवते. मग बसने करा, साधारण पंधरा ते वीस दिवसांत होते.

लोकांच्या अनुभवात सगळ्यात मोठं भोक कुठे आहे माहीत आहे? अर्ध्यातून परतलेले लिहीत नाहीत. माझ्याबरोबर घाटावर परिक्रमेचा संकल्प केलेल्या सात जणांपैकी तिघं सुरुवातीच्या काही आठवड्यांतच घरी गेले. एकाचा गुडघा, एकाची आई आजारी, एकाला नुसतंच नको झालं. तिघांपैकी एकानेही एक ओळ लिहिली नाही, लाज वाटली म्हणून. तुम्ही जे वाचताय ते पोहोचलेल्यांचं आहे, त्यामुळे सगळ्यांचा सूर ‘होतं, सगळं होतं’ असाच लागणार. परतलेले शोधा. नेटवर सापडणार नाहीत. ओळखीपाळखीत ‘कुणी निघून परत आलंय का’ असं विचारत गेलात तर जिल्ह्यात एक तरी सापडेल. त्यांच्याशी हळुवारपणे बोला, कोणत्या दिवशी पहिल्यांदा परत जावंसं वाटलं एवढंच विचारा. तुमच्या तयारीला लागणारी खरी माहिती तिथे आहे.

आणि हे सगळं मोजायला तुमची स्वतःची पट्टी लागेल. आत्ता तुमच्याकडे ती नाही, म्हणून प्रत्येकाचं खरं वाटतंय आणि प्रत्येकाचं खोटंही. पाठीवर पाच किलोची झोळी घेऊन सलग तीन दिवस चाला. एक दिवस सडकेने, एक दिवस शेताच्या बांधाने, एक दिवस चढाच्या वाटेने. तुमच्याकडे डोंगरांना तोटा नाही. तासाला किती झालं ते लिहा. तिसऱ्या दिवशीचा आकडा खरा धरा, पहिल्या दिवशीचा नको. मग कुणी लिहिलं की ‘हा टप्पा चार तासांचा’, तर तुम्हाला कळेल की तुमचे सहा.

चैत्रात उत्तरवाहिनी करून या. गुजरातेत तिलकवाडा आणि रामपुऱ्याच्या बाजूला मैया काही अंतर उत्तरेकडे वाहते, त्या पट्ट्याची परिक्रमा चैत्रात करतात आणि ती एका दिवसात होते. आपल्याकडचे खूप लोक जातात. अनवाणी घाट, रांगा, होडी, ऊन, आश्रमातली पंगत, सगळ्याची चव एका दिवसात मिळते, आणि रात्री पाय काय म्हणतात तेही कळतं.

यजमानांना मात्र विरोधक समजू नका. त्यांनी तुम्हाला ‘जाऊ नकोस’ म्हटलेलं नाही, ‘लोकांचं वाचून’ म्हटलंय, आणि तो प्रश्न रास्त आहे. शिवाय एसटीत आयुष्य गेलेल्या माणसाकडे अशी माहिती आहे जी एकाही परिक्रमावासीयाने लिहिलेली नाही. तुमची वही त्यांच्या हातात द्या आणि म्हणा, या प्रत्येक मुक्कामापासून सगळ्यात जवळची डांबरी सडक कोणती, तिथून गाडी कुठली, किती वाजता, आणि घरी यायला किती तास, एवढं मला लावून द्या. धडगावला, मोलगीला आपली लाल गाडी जाते. पुढे गुजरात आणि मध्य प्रदेशातल्या गाड्या शोधायला त्यांना जुने सहकारी आहेत, फोन आहेत. लोक पुढची वाट लिहितात, परतीची कुणी लिहीत नाही. ती तुमच्या वहीत असली तर त्यांनाही रात्री झोप लागेल. अशा वहीच्या मागच्या पानांना माझ्या एका मैत्रिणीच्या नवऱ्याने ‘बोलवलंस की येईन’ असं नाव दिलं होतं. तिला ती पानं उघडावी लागली नाहीत, पण ती वही तिने शेवटपर्यंत झोळीत सगळ्यात वर ठेवली होती.

माझं मत विचाराल तर डॉक्टरांनी होकार दिला की जा. एकट्या नको, निदान झाडीत तरी नको. तुमच्या वेगाची एक सोबतीण शोधा, तुमच्यापेक्षा वेगवान नको.

आणि उत्तरवाहिनीहून परतताना थेट घरी येऊ नका. ओंकारेश्वरला जा, चार दिवस राहा. कार्तिकात निघालेले चैत्र-वैशाखात तिथे परत येत असतात, बाटलीतलं जल ओंकारेश्वराला चढवायला. दक्षिण तटावर गोमुख घाटापाशी सकाळी बसा. याच हिवाळ्यात झाडीतून गेलेली, याच वर्षीच्या होडीत बसलेली माणसं समोरून येतील, काठी टेकत, उन्हाने काळी पडलेली. ‘नर्मदे हर’ म्हणा आणि आधी चहा पाजा. भादलच्या पुढे पाणी कुठवर होतं, होडीच्या दिवशी तिथी कोणती होती, बायकांना आसन कुठे मिळालं नाही. वही उघडून बसा, आणि पानाच्या वर त्या दिवसाची तारीख लिहा.